अंधांचा संगणक आणि मालकीचे क्रमांक



आपल्या प्रत्येकाच्या घरीं आज क्रमांकांचा एक लहानसा संसार नांदत असतो. शिधापत्रिकेचा क्रमांक, विजेच्या मीटरचा क्रमांक, बँकेच्या खात्याचा क्रमांक, आधारचे बारा आंकडे, गाडीचा नंबर अशी ही यादी लांबवावी तितकी लांबेल. यांतील बहुतेक क्रमांक आपण पाठ करीत नाहीं. गरज पडली म्हणजे कपाटांतून कागद काढतों, त्यावर नजर टाकतों आणि आंकडे उतरून घेतों. ही नजर टाकण्याची सोय ज्यास नाहीं, त्यानें आपले क्रमांक कसे सांभाळावेत, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. सर्वच क्रमांकांचा विचार एका भाषणांत मावणार नाहीं. म्हणून अंध मनुष्याच्या संगणकावर जे कार्यक्रम, म्हणजे जें सॉफ्टवेअर बसविलेलें असतें, त्याच्या मालकीच्या क्रमांकांपुरताच तो करावा असें योजिलें आहे.

विषय वरवर पाहतां अरुंद वाटेल. परंतु २०११ च्या जनगणनेंत भारतांतील दृष्टीचें अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारें ५० लाख नोंदली गेली, आणि त्यांपैकीं शिकणारीं व नोकरी करणारीं माणसें दिवसेंदिवस अधिकाधिक संगणकावर विसंबूं लागलीं आहेत. बोलणाऱ्या संगणकानें अंधांस जें दिलें, तें ब्रेल लिपीनंतर दुसऱ्या कशानें क्वचितच दिलें असेल. आलेलें पत्र स्वतः वाचणें, आपला हिशेब आपण लिहिणें, आजचें वर्तमानपत्र आजच वाचणें, ह्या गोष्टी डोळसांस इतक्या सवयीच्या आहेत कीं त्यांची थोरवी त्यांच्या लक्षांतही येत नाहीं. हें सर्व ज्या कार्यक्रमांच्या जोरावर चालतें, त्यांतील कित्येकांची मालकी एका लांबलचक क्रमांकावर टांगलेली असते. तो क्रमांक हरवला, किंवा असून वाचतां आला नाहीं, तर यंत्र घरांत असूनही नसल्यासारखें होतें.

प्रथम हा क्रमांक कशासाठीं असतो तें पाहूं. पाटा-वरवंटा विकत घेतला तर तो स्वयंपाकघरांत दिसतो. तो आपला आहे हें सांगण्यास पुरावा लागत नाहीं. सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी आहे. त्याची नक्कल मुळाइतकीच चांगली असते, आणि ती करण्यास फारसा खर्चही येत नाहीं. तेव्हां पैसे देऊन घेणारा कोण आणि फुकट उतरून घेणारा कोण, हें ओळखण्यासाठीं विकणारा प्रत्येक ग्राहकास एक वेगळा क्रमांक देतो. कार्यक्रम बसवितांना तो क्रमांक भरला म्हणजे कंपनीच्या दप्तरीं त्याची पडताळणी होते, आणि तो किती यंत्रांवर वापरला गेला याची नोंद राहते. व्यवहारांत यास कोणी सीरियल नंबर म्हणतात, कोणी प्रॉडक्ट की, तर कोणी ॲक्टिव्हेशन कोड. सूक्ष्म भेद पाहूं गेल्यास सीरियल नंबर ही त्या प्रतीची ओळख, प्रॉडक्ट की ही ती उघडण्याची किल्ली, आणि ॲक्टिव्हेशन म्हणजे ती किल्ली आपल्या यंत्रावर फिरविल्याची नोंद. आपल्या कामापुरतें पाहिलें तर तिन्ही जपून ठेवावयाच्या गोष्टी आहेत.

क्रमांक अनेक प्रकारचे असतात, आणि लक्षांत राहण्याच्या दृष्टीनें त्यांत फार मोठें अंतर असतें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील शेवगांवचाच पिन घ्या. तो ४१४५०२ असा आहे. ही पिनची पद्धत भारतांत १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली, आणि ती बसविणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यांतील अधिकारी मराठी गृहस्थ असून संस्कृत कवि म्हणूनही प्रसिद्ध होते. त्यांच्या योजनेंत प्रत्येक आंकड्यास अर्थ आहे. पहिला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या टपाल-विभागाचा. पहिले तीन मिळून, म्हणजे ४१४, हे अहिल्यानगरकडील टपालाच्या छाननीचे. आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष टपाल कचेरीचे. शेजारच्या पाथर्डीचा पिन ४१४१०२ आहे. सहापैकीं पांच आंकडे समान असल्यामुळें शेवगांवच्या माणसास पाथर्डीचा पिन ध्यानांत ठेवण्यास एकच नवा आंकडा लागतो. अर्थ असला म्हणजे स्मृतीस आधार मिळतो.

सॉफ्टवेअरच्या किल्लीस असा अर्थ मुद्दामच ठेवलेला नसतो. अर्थ असता तर कोणीही अंदाजानें दुसरी किल्ली बनविली असती. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५६ सालीं एका प्रसिद्ध निबंधांत असें दाखविलें कीं, मनुष्य एका वेळीं सुमारें सातच सुट्या गोष्टी ध्यानांत धरूं शकतो. दोन कमी किंवा दोन अधिक. पिनचे सहा आंकडे या मर्यादेंत बसतात. विंडोज या संगणक-प्रणालीची किल्ली मात्र पंचवीस चिन्हांची असते. पुण्याच्या कैलास व संजय काटकर या बंधूंनीं १९९३ मध्यें सुरू केलेल्या कंपनीचा क्विक हील हा अँटीव्हायरस आपल्याकडे सर्वत्र वापरला जातो. त्याची किल्ली वीस चिन्हांची. अशा क्रमांकांचें पाठांतर करणें हा उपाय नव्हेच. त्यांची नोंद ठेवली पाहिजे, आणि ती ज्याची त्यास वाचतां आली पाहिजे.

येथें एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. विंडोजच्या किल्ल्या तयार करणाऱ्यांनीं वाचणाऱ्याची सोय पाहिली होती. २००१ सालच्या एक्सपीपासून २००९ च्या विंडोज सातपर्यंतच्या आवृत्त्यांच्या किल्ल्यांत केवळ चोवीस चिन्हें वापरलेलीं असत: सतरा इंग्रजी अक्षरें आणि सात आंकडे. शून्य आणि ओ यांचा घोटाळा होतो, म्हणून दोन्ही वगळलीं. एक आंकडा, आय आणि एल हीं सारखीं दिसतात, म्हणून तिन्ही वगळलीं. पांच आणि एस यांचेंही तसेंच. ही काळजी स्तुत्य आहे, परंतु ती सर्वस्वीं डोळ्यांची काळजी आहे. कानाची काळजी कोणीच घेतलेली नाहीं. उरलेल्या सतरा अक्षरांत बी, सी, डी, जी, पी, टी आणि व्ही हीं सात अक्षरें एकाच ईकारांत संपतात. जे आणि के यांचा शेवटही एकच. कागदावर बी आणि डी यांत कोणी चुकणार नाहीं. पण तींच अक्षरें संगणकाच्या यांत्रिक आवाजांत, किंवा टेलिफोनवरून खरखरत ऐकलीं म्हणजे चांगल्या कानाचा मनुष्यही फसतो. शिवाय किल्लीचें एकच चिन्ह चुकलें तरी संगणक ‘किल्ली अमान्य’ एवढेंच सांगतो; चूक कोठें झाली तें सांगत नाहीं. डोळस मनुष्य कागद व पडदा शेजारीं धरून चूक शोधतो. अंध मनुष्यास पंचवीस चिन्हें पहिल्यापासून पुन्हां ऐकावीं लागतात.

याहून मोठी अडचण प्रत्यक्ष बोलणाऱ्या कार्यक्रमाची होती. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या कार्यक्रमास स्क्रीन रीडर म्हणतात. अपघातांत दृष्टि गमावलेले टेड हेंटर नांवाचे अमेरिकन अभियंते यांच्या कंपनीनें १९८९ मध्यें जॉज नांवाचा स्क्रीन रीडर बाजारांत आणला, आणि १९९५ मध्यें त्याची विंडोजवर चालणारी आवृत्ति निघाली. जगांतील असंख्य अंधांस या कार्यक्रमानें रोजगार मिळवून दिला. त्याची किंमत भारी. म्हणून त्यासही मालकीचा क्रमांक असतो, आणि तो भरला नाहीं तर जॉज एका वेळीं चाळीस मिनिटेंच बोलतो. चाळीस मिनिटें झालीं कीं संगणक बंद करून पुन्हां सुरू करावा, तेव्हां आणखी चाळीस मिनिटें. म्हणजे ज्या वाचकाच्या साहाय्यानें क्रमांक शोधावयाचा, त्या वाचकाचीच वाचा क्रमांकावांचून जाते. किल्ली पेटींत आणि पेटीस कुलूप, अशांतला हा प्रकार. मात्र त्या कंपनीनें एक शहाणपण केलें आहे: तिचा मालकीचा क्रमांक वीस चिन्हांचा असला तरी तो केवळ आंकड्यांचा असतो. आंकडे दहाच, त्यांचे उच्चार पुष्कळसे वेगळे, आणि ते संगणकाच्या उजवीकडील आंकडेपट्टीवर एका हातानें भरतां येतात.

ही अडचण पुढें दोन बाजूंनीं सुटत गेली. २००६ सालीं मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानें एन.व्ही.डी.ए. नांवाचा स्क्रीन रीडर लिहिण्यास आरंभ केला. जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्यास मिळाला. हा कार्यक्रम विनामूल्य आहे आणि त्यास मालकीचा क्रमांकच नाहीं. दुसरें असें कीं, संगणक करणाऱ्या कंपन्यांनीं वाचणारा आवाज यंत्रांतच घालण्यास सुरुवात केली. ॲपलच्या संगणकांत २००५ पासून व्हॉइसओव्हर आहे. अँड्रॉइड दूरध्वनींत २००९ पासून टॉकबॅक आहे. विंडोजमध्यें नॅरेटर आहे, आणि विंडोज दहा व त्यापुढील आवृत्त्यांत विंडोज, कंट्रोल व एंटर हीं तीन बटणें एकदम दाबलीं कीं तो बोलूं लागतो. अंध गृहस्थानें दुसरें कांहीं लक्षांत ठेवलें नाहीं तरी चालेल, पण हीं तीन बटणें विसरूं नयेत. क्रमांकावांचून बोलणारा एक तरी आवाज हाताशीं असला म्हणजे वरील कोंडी फुटते.

आतां खरा प्रश्न मालकीचा आहे. समजा, शेवगांवीं राहणारे एक अंध शिक्षक आहेत. त्यांनीं पुण्याहून संगणक आणि दोन-तीन कार्यक्रम विकत आणिले. क्रमांक त्यांच्या भाच्यानें भरले आणि खोका माळ्यावर ठेवून दिला. वर्षभर सर्व सुरळीत चाललें. मग संगणकाची डिस्क बिघडली. गांवांतल्या दुकानदारानें नवी बसवून दिली आणि क्रमांक मागितले. भाचा आतां नोकरीसाठीं परगांवीं; खोक्यावरची चिठ्ठी कोणती आणि पावती कोणती हें हातांस कळत नाहीं; आणि शिक्षकांच्या नांवावर असलेली वस्तु दुसरा कोणी येऊन वाचून देईपर्यंत त्यांच्या उपयोगाची राहत नाहीं. पैसे त्यांनीं भरले, पावती त्यांच्या नांवाची, परंतु व्यवहारांत मालक ठरतो तो डोळे असलेला मनुष्य. पुष्कळदां असेंही होतें कीं, दुकानदार क्रमांक शोधण्याच्या फंदांत न पडतां चोरटी प्रत बसवून देतो, आणि प्रामाणिकपणें पैसे दिलेला ग्राहक नकळत नियमबाह्य सॉफ्टवेअर वापरूं लागतो.

गुप्ततेचाही प्रश्न आहेच. किल्ली जितक्या जणांस वाचावयास द्यावी, तितक्या जणांच्या ती हातीं जाते. एखाद्यानें ती आपल्या मित्राच्या संगणकावर वापरली, तर ठराविक यंत्रांची मर्यादा संपते आणि खऱ्या मालकासच नकार येतो. जवळच्या माणसांवर विश्वास टाकूं नये असें यावरून सुचवावयाचें नाहीं. डोळस मनुष्य ज्या गोष्टीसाठीं कोणावर विश्वास टाकण्याची वेळच येऊं देत नाहीं, तींत अंधासही ती सवलत असावी, इतकेंच म्हणणें आहे.

तेव्हां व्यवहार्य मार्ग कोणता? पहिला नियम असा कीं, क्रमांकाची नोंद खरेदीच्या दिवशींच करावी. त्या दिवशीं खोका, पावती, दुकानदार आणि वाचणारा मनुष्य हीं सारीं एकत्र असतात. पुढें तीं पांगतात. शक्य असेल तेथें खोक्यांतील प्रत न घेतां ई-मेलनें येणारा क्रमांक मागावा. ई-मेलमधला क्रमांक हा मजकूर असतो. तो स्क्रीन रीडर अक्षरशः वाचतो, आणि तो उचलून दुसरीकडे चिकटवितां येतो. जो क्रमांक हातानें पुन्हां टाइप करावा लागत नाहीं, त्यांत चूकही होत नाहीं.

क्रमांक छापील चिठ्ठीवरच असेल तर दोन उपाय आहेत. एक उपाय दूरध्वनीच्या कॅमेऱ्याचा. छापील मजकूर ओळखून मोठ्यानें वाचणारे कार्यक्रम आतां विनामूल्य मिळतात. मायक्रोसॉफ्टचा सीइंग एआय हा २०१७ मध्यें निघालेला त्यांपैकीं एक. मात्र चकचकीत चिठ्ठीवर हीं यंत्रेंही आठ आणि बी यांत चुकतात. म्हणून चिठ्ठी दोनदां, वेगवेगळ्या उजेडांत वाचवून दोन्ही वाचनें ताडून पाहावींत. अनोळखी डोळस स्वयंसेवकास कॅमेऱ्यांतून पाहावयास लावून मदत घेण्याचीही एक सोय आहे. डेन्मार्कमध्यें २०१५ सालीं सुरू झालेला बी माय आइज हा त्यासाठींच आहे. औषधाची मुदत किंवा डब्यावरचें नांव विचारण्यास ती उत्तम. गुप्त क्रमांकासाठीं मात्र ती टाळावी.

दुसरा उपाय घरच्या माणसाकडून वाचवून घेण्याचा. येथें वाचण्याची शिस्त पाहिजे. इंग्रजी अक्षरें सुटीं वाचूं नयेत. प्रत्येकाबरोबर एक ओळखीचा शब्द सांगावा. विमानांच्या व्यवहारांत अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी नांवें १९५६ पासून रूढ आहेत, आणि स्क्रीन रीडरही विचारल्यास तींच सांगतात. पण ज्यास तीं येत नाहींत, त्यानें आपल्या मुलखांतलीं गांवें घ्यावींत. शेवगांवकडच्या माणसास बी बोधेगांवचा, सी चापडगांवचा, डी दहीगांवचा, जी गंगापूरचा, पी पाथर्डीचा, टी तिसगांवचा, व्ही वांबोरीचा, एम मुंगीचा, एन नेवाशाचा, जे जामखेडचा आणि के कर्जतचा असें सांगितलें कीं घोटाळा होणें कठीण. आंकड्यांच्या बाबतींत मराठीची स्वतःची एक खोड आहे. आपण एकक आधीं बोलतों आणि दशक मागून. एकोणसाठ व एकोणसत्तर, सदुसष्ट व सत्याहत्तर हे घाईंत ऐकणाऱ्यास चकवितात. सात आणि साठ तर टेलिफोनवर एकच वाटतात. म्हणून आंकडे नेहमीं सुटे सांगावेत: पांच, नऊ, सहा, नऊ. चार-चार किंवा पांच-पांच चिन्हांनंतर थांबावें, आणि ऐकणाऱ्यानें तेवढा भाग परत म्हणून दाखवावा.

कांहीं क्रमांकांत चूक पकडण्याची सोय क्रमांकांतच केलेली असते, ती जाणून घेण्यासारखी आहे. शेवटचा आंकडा आधींच्या आंकड्यांवरून गणित करून काढलेला असतो. मधला एखादा आंकडा बदलला कीं गणित जुळत नाहीं. हान्स पीटर लून यांच्या अशा एका पद्धतीस १९६० मध्यें अमेरिकेंत पेटंट मिळालें, आणि मोबाइल दूरध्वनीच्या पंधरा आंकडी आय.एम.ई.आय. क्रमांकाचा शेवटचा आंकडा तिच्यावरूनच काढतात. आपल्या आधारचा बारावा आंकडा डच गणिती व्हर्हूफ यांनीं १९६९ मध्यें मांडलेल्या अधिक काटेकोर पद्धतीनें येतो. ती शेजारच्या दोन आंकड्यांची अदलाबदलही पकडते. या पद्धती चूक आहे एवढें सांगतात. ती शोधण्यासाठीं शिस्तीचें वाचन लागतेंच.

आतां नोंद कशी लिहावी तें पाहूं. डोळा पानावर कोठेंही उतरूं शकतो. कान मात्र ओळीच्या आरंभापासून शेवटापर्यंत चालत जातो. म्हणून ओळख पटविणारा शब्द सर्वांत आधीं आला पाहिजे. ‘दिनांक अमुक रोजीं अमुक दुकानांतून घेतलेला अँटीव्हायरस’ असें लिहिलें तर तारीख व दुकान ऐकून झाल्यावर वस्तूचें नांव कळतें. ‘अँटीव्हायरस’ हा शब्द प्रथम आला तर नको असलेली नोंद क्षणांत ओलांडतां येते. साध्या मजकुराच्या एका फाइलींत प्रत्येक कार्यक्रमास एक परिच्छेद द्यावा आणि क्रम कधींही बदलूं नये: कार्यक्रमाचें नांव, आवृत्ति, कोणत्या संगणकावर बसविला, खरेदीची तारीख, मुदत संपण्याची तारीख, किती यंत्रांवर चालतो, कोणत्या ई-मेलवर नोंदला, पावतीचा क्रमांक, आणि शेवटीं किल्ली. किल्ली दोनदां लिहावी. एकदां जशी छापली असेल तशी, उचलून चिकटविण्यासाठीं. आणि एकदां प्रत्येक चिन्हानंतर जागा सोडून, ऐकण्यासाठीं. जागा न सोडल्यास यंत्र ४५०२ हा आंकडा ‘चार हजार पांचशें दोन’ असा वाचतें, आणि शेजारशेजारचीं अक्षरें एकत्र करून त्यांचा निरर्थक शब्द बनवितें.

ब्रेल येणाऱ्यांनीं एक प्रत ब्रेलमध्येंही करावी, कारण वीज नसतांना व यंत्र मुकें झालें असतांनाही बोटें वाचतातच. लुई ब्रेलनें आपली लिपि १८२९ मध्यें प्रसिद्ध केली, आणि भारतीय भाषांसाठीं समान अशी भारती ब्रेल १९५१ मध्यें ठरली. क्रमांक लिहितांना या लिपींत एक सावधगिरी लागते. ब्रेलमध्यें आंकड्यांस स्वतंत्र खुणा नाहींत. इंग्रजीचीं पहिलीं दहा अक्षरेंच, आधीं अंकचिन्ह घातलें कीं, आंकडे होतात. इंग्रजी बी, मराठी ब आणि आंकडा २ हे तिन्ही त्याच दोन ठिपक्यांनीं लिहिले जातात. इंग्रजी डी, मराठी द आणि आंकडा ४ हेही तसेच. म्हणून किल्लींत आंकडे आले कीं दर वेळीं अंकचिन्ह, आणि आंकड्यानंतर पहिल्या दहांपैकीं अक्षर आलें तर अक्षरचिन्ह घालावयास चुकूं नये. अशानें पंचवीस चिन्हांची किल्ली ब्रेलमध्यें पस्तीसच्या आसपास घरें घेते. ती एकाच ओळींत न कोंबतां दर पांच चिन्हांस एक ओळ द्यावी. जाड कागदाचें एकेक कार्ड करून तें त्या त्या खोक्यांत किंवा पावतीस जोडून ठेवावें, म्हणजे माळ्यावरचा खोका कोणता हेंही हातांस कळतें.

नोंद कोठें ठेवावी याचें उत्तर सोपें आहे, पण तें वारंवार विसरलें जातें. ज्या यंत्राची ती किल्ली, त्याच यंत्रांत ती ठेवून भागत नाहीं. यंत्र बिघडेल तेव्हांच तिची गरज पडणार. एक प्रत संगणकांत, एक दूरध्वनींत किंवा ई-मेलमध्यें, आणि एक ब्रेलमध्यें किंवा स्वतःच्या आवाजांत ध्वनिमुद्रित करून, अशा तीन ठिकाणीं ती असावी. ध्वनिमुद्रणांत शोध घेतां येत नाहीं, म्हणून तें पहिलें साधन करूं नये; दुसरी प्रत म्हणून तें चांगलें. कुलूपबंद नोंदी राखणारे पासवर्डचे कार्यक्रम मिळतात, त्यांपैकीं आपला स्क्रीन रीडर नीट वाचतो तो निवडावा.

कांहीं क्रमांक यंत्रें स्वतःच बाळगूं लागलीं आहेत. २०१२ च्या विंडोज आठपासून संगणक-निर्माते विंडोजची किल्ली यंत्राच्या मुख्य पाटीवरील स्मृतींत लिहून ठेवतात. पूर्वींसारखी पाठीवर चिठ्ठी नसते, आणि विंडोज पुन्हां बसवितांना ती आपोआप वाचली जाते. २०१५ च्या विंडोज दहापासून परवान्याची नोंद कंपनीकडेही राहते व ती आपल्या खात्याशीं जोडतां येते. दूरध्वनीवर तारा, हॅश, शून्य, सहा, हॅश असें दाबलें कीं त्याचा आय.एम.ई.आय. क्रमांक पडद्यावर येतो व टॉकबॅक तो वाचतो. दूरध्वनी चोरीस गेल्यास तक्रारींत तोच लागतो, तेव्हां तोही फाइलींत उतरून घ्यावा. पण क्रमांक गेले म्हणून सांभाळण्याचें काम संपलें असें समजूं नये. किल्लीच्या जागीं खातें आलें, कीं त्या खात्याचा ई-मेल आणि ज्यावर संकेतांक येतो तो मोबाइल क्रमांक हींच खरी किल्ली होते. मोबाइल क्रमांक बदलतांना प्रत्येक खात्यांतून जुना काढून नवा घालण्याचें काम आधीं करावें. कंपन्या ‘आपण मनुष्य आहांत हें सिद्ध करा’ म्हणून चित्रांचें कोडें घालतात, तेथेंही अंधांची वाट अडते. ध्वनीचें कोडें जेथें दिलें असेल तेथें त्याचा उपयोग करावा.

हा भार एकट्या अंध ग्राहकानें वाहावा असें नाहीं. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आहे. त्याचें ४२ वें कलम माहिती व दळणवळणाच्या साधनांविषयीं, आणि ४३ वें कलम सर्वांस वापरतां येतील अशा ग्राहकोपयोगी वस्तूंविषयीं सरकारवर कर्तव्य टाकतें. दृष्टिहीन व्यक्ति आणि ॲसिडच्या हल्ल्यांतून वाचलेल्या व्यक्ति यांच्या अर्जांवर ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, डिजिटल सेवा वापरतां येणें हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. तेथें मुख्य प्रश्न ओळख पटविण्यासाठीं कॅमेऱ्यापुढें डोळे मिचकावण्याच्या अटीचा होता. खोक्याच्या तळाशीं बारीक टंकांत छापलेला क्रमांक ही त्याच जातीची अट आहे. विक्रेत्यांनीं प्रत्येक क्रमांक ई-मेलनें मजकूर म्हणून पाठवावा, तो शक्यतों केवळ आंकड्यांचा ठेवावा, आणि भरतांना चूक झाल्यास ती कितव्या गटांत आहे तें सांगावें, एवढ्या तीन सुधारणा केल्या तरी पुष्कळ काम होईल. त्यांचा लाभ चष्मा घरीं विसरलेल्या डोळसांनाही होईल.

कायद्याचा अंमल आणि कंपन्यांची सुधारणा होण्यास वेळ लागेल. तोंवर घरांतील मंडळींस एकच विनंती आहे. आपल्या घरीं किंवा शेजारीं अंध संगणकधारक असतील, तर एखादी दुपार त्यांच्यासाठीं राखून ठेवा. माळ्यावरचे खोके खालीं काढा, चिठ्ठ्या शोधा, क्रमांक सावकाश वाचून द्या. टाइप मात्र त्यांना करूं द्या. मग त्यांनीं लिहिलेली नोंद त्यांच्या यंत्राच्या तोंडून दोघांनीं मिळून ऐका आणि चिठ्ठीशीं ताडून पाहा. त्यानंतर त्या क्रमांकांची एकही प्रत आपल्याजवळ ठेवूं नका. पुढच्या वेळीं डिस्क बिघडेल तेव्हां शेवगांवच्या त्या शिक्षकांस भाच्याची वाट पाहावी लागूं नये, एवढ्यासाठींच हा खटाटोप आहे.